मल्लू, त्या दिवशी नारळ कुणी उभा केला?

मल्लू, तुझ्या खड्ड्यात ओल होती.

हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, म्हणून आधी तेच सांगते. तुमच्यात माणसाला बसवून मातीत ठेवतात हे मला ठाऊक होतं, पण कधी बघितलं नव्हतं. बायका मागे थांबल्या होत्या. मी मात्र पुढे सरकले आणि तुझ्याकडे बघायचं सोडून खड्ड्याच्या भिंतीकडेच बघत राहिले. वर काळी माती, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे, खाली पिवळा मुरूम, आणि तळाशी त्या मुरमाचा रंग एकदम गडद झालेला. सवयच वाईट. तेवढ्यात खणणारा माणूस म्हणाला, "ओल लागली की हितं." मागून कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं, "पाणाड्याच त्यो. जाताजाता बी पाणी दावून गेला." रडतारडता चारजण हसले. मला हसू आलं नाही. मला वाटलं, आता तू डोळे उघडशील आणि म्हणशील, "बघ मिने, ह्या वेळी नारळाशिवाय."

त्या दिवसापासून तू माझ्या आसपास आहेस. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण घरातून निघून मी गेटपर्यंत चालते आणि माझ्या लक्षात येतं, की माझा उजवा हात पुढे आलाय, तळवा वर, बोटं जरा वाकलेली. तू शेतातून चालायचास तसा. मी हात खाली घेते. चार पावलांनी तो पुन्हा वर आलेला असतो. परवा भाजीवाल्या मावशींनी त्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवली.

आपण दोघं भूगर्भशास्त्राकडे वळलो ते काही फार विचार करून नाही. माझं तर सगळं मोडनिंबच्या एसटीनं ठरवलं. प्राणिशास्त्राचं प्रात्यक्षिक उशिरा सुटायचं आणि शेवटची बरी गाडी चुकायची. भूगर्भशास्त्राचं वेळेत सुटायचं. दादा म्हणाले, दगड तर दगड, पण अंधार पडायच्या आत घरी ये. तुला विचारलं तर तू म्हणालास, "ह्या विषयात सहलीला नेतात म्हनं." वर्गात मुली आम्ही दोघीच, आणि दुसरीचं लग्न ठरलेलं. तू अक्कलकोटकडचा, घरी आईशी कानडीत बोलणारा, दगडांची इंग्रजी नावं कानडी हेल काढून म्हणणारा. मी तुला हसले आणि तू माझ्या मोडनिंबच्या बोलण्याला हसलास. मैत्रीला एवढं पुरलं.

आणि मग दुसऱ्या वर्षाची ती सहल. मोहोळच्या अलीकडे, सीना नदीच्या पलीकडे. सरांनी मुद्दाम त्या गावातल्या म्हाताऱ्या पाणाड्याला बोलावून घेतलं होतं, आम्हाला अंधश्रद्धा कशी असते ते दाखवायला. म्हाताऱ्यानं शेंडीचा नारळ तळहातावर आडवा ठेवला, शेंडी बोटांकडे, आणि शेतातून चालू लागला. एका जागी आल्यावर नारळ हळूहळू उठला आणि हातावर सरळ उभा राहिला. सर म्हणाले, आता तुम्ही करून बघा. सगळ्यांनी केलं. माझ्या हातावर नारळ मेल्यासारखा पडून होता. मुलं हसत होती, एकानं तर तो पायावर पाडून घेतला. मग तुझी पाळी आली.

तू चालताना आमच्याकडे बघून तोंड वेडंवाकडं करत होतास, ते मला आठवतंय. बांधाजवळ गेलास आणि तुझं तोंड एकदम सरळ झालं. नारळ उठला. म्हाताऱ्याच्या हातावर उठला तसा सावकाश नाही, झटकन. तू दचकून हात मागे घेतलास आणि नारळ ढेकळात पडला. सरांनी तुझ्या पाठीवर थाप मारली, "वा! युवा महोत्सवात पाठवायला पाहिजे ह्याला." सगळा वर्ग हसला. मीही हसले. बसमध्ये तू माझ्याशी बोलला नाहीस. खिडकीतून बाहेर बघत आपला तळवा पँटला पुसत राहिलास.

तिथंच ते संपलं असतं. पण थंडीत त्या शेताचा मालक कॉलेजात आला, डोक्यावर हुरड्याचं पोतं घेऊन. व्हरांड्यात उभं राहून मोठ्यानं विचारत होता, "त्यो नारळवाला पोरगा कुटं हाय?" तुझा नारळ जिथं पडला तिथं त्यानं विहीर घेतली होती आणि पाणी लागलं होतं. सरांनी वर्गात सांगितलं, की तिथं कुठंही खणलं असतं तरी थोडंफार लागलंच असतं. मग त्यांनीही हुरडा खाल्ला, आणि आम्हीही.

त्या पोत्यानं तुझा पुढचा रस्ता ठरवला आणि सरांच्या त्या वाक्यानं माझा. मला ते वाक्य फार आवडलं होतं. एवढ्या कौतुकाच्या गलक्यात एक माणूस शांतपणे खरं काय ते सांगतो, याची मला भुरळ पडली. मी एम.एस्सी.ला पुण्याला गेले आणि सरकारी भूजल खात्यात लागले. तू पदवी घेतलीस आणि नारळ घेतलास. मला किती राग आला होता! सगळं शास्त्र तोंडपाठ असलेला माणूस तू. बेसॉल्टचे थर कसे पडतात, भेगा कुठल्या दिशेनं जातात, हे माझ्याइतकंच तुला कळत होतं. काही वेळा माझ्यापेक्षा बरं. भल्या पहाटे जाऊन आसपासच्या विहिरी बघायचास, नाल्याचा कडा बघायचास, उंबराचं झाड कुठं आहे ते बघायचास. मग घरी येऊन आंघोळ करून गंध लावून लोकांसमोर नारळ धरायचास.

मी म्हणायचे, "हे ढोंग आहे."

तू म्हणायचास, "तू आलेख दावतीस, मी नारळ दावतो. शेतकऱ्याला दोन्ही कळत न्हाई. नारळ निदान वळखीचा तरी हाय की."

"पण तुला माहितीये ना, पाणी का लागतं ते?"

"म्हाइतीये म्हनूनच तर लागतंय. ऐक की मिने, मी त्येंला फसवत न्हाई. जागा खरी देतो."

"मग कारणही खरं दे."

इथं तू चहा मागवायचास. दरवेळी इथंच.

मंगळवेढ्याकडच्या एका गावात खात्यातर्फे माझं व्याख्यान होतं, ते आठवतंय? नारळाचं शास्त्रीय कारण मी फळ्यावर हाताचं चित्र काढून समजावत होते. मनगटाचे स्नायू ताणलेले असतात, मनात असेल तिथं नकळत हालचाल होते आणि नारळ उठतो, माणूस खोटं बोलत असतो असंही नाही. आणि मागच्या रांगेत, फेटेवाल्यांच्या मधोमध, तू. शेवटी हात वर केलास. "मॅडम, एक शंका. मनात काहीच नसताना उठला तर?" लोक तुझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मनात काही नसणं हे माणसाला जमत नाही." टाळ्या पडल्या. तूही वाजवल्यास. बाहेर गाडीपाशी येऊन म्हणालास, "झ्याक बोललीस." मी विचारलं, "मग तूच सांग. सहलीच्या दिवशी नारळ तू उभा केलास की नाही?" तू हसलास आणि म्हणालास, पुढच्या गावाला जायचंय, उशीर होतोय.

हाच प्रश्न मी तुला किती वर्षं विचारत आले, मल्लू. माझ्या लग्नात विचारला. तुझ्या मुलीच्या बारशाला विचारला, तेव्हा आपलं भांडण ऐकून तुझ्या बायकोनं, शोभानं, दोघांना पाटावरून उठवलं होतं. तू कधी "हो" म्हणाला नाहीस आणि "नाही"ही म्हणाला नाहीस. मी मनाशी "हो" असं धरून चालले. मला ते धरायलाच हवं होतं, कारण त्यावर माझं सगळं उभं होतं. हुशार मुलगा गंमत म्हणून खोटं करतो आणि त्या खोट्यात अडकतो, त्याच्यासारखं व्हायचं नाही, असं स्वतःला बजावत मी नोकरी केली. आणि खरं सांगू? चांगली केली. एखाद्या गावाला जागा देताना कंटाळा आला, ऊन फार झालं, तर वाटायचं, इथं बोअर कोरडी गेली तर मल्लू हसेल. की मी जमिनीत वीज सोडून पुन्हा मीटर लावायचे. माझ्या हातून जेवढी गावं पाण्याला लागली, त्यांत तुझ्या त्या हसण्याचा वाटा मोठा आहे. हे मी तुला कधी बोलले नाही. बोलले असते तर तू डोक्यावर बसला असतास.

तुझ्या दिवसांचं जंगम जेवण घरी झालं त्या दिवशी पाहुणे पांगल्यावर शोभानं मला आत बोलावलं. तुझी खुर्ची तशीच होती. फडताळात नारळ रांगेनं ठेवलेले, शेंड्या विंचरल्यासारख्या नीट. ती म्हणाली, "ह्येंचं काय करू ताई? वाटून टाकावं म्हनलं तर कुनी घेईना. भेत्यात लोकं."

मी म्हटलं, "घाबरायचं काय त्यात? शेवटी हातचलाखीच ती." बोलून गेले आणि जीभ चावली.

शोभाला राग नाही आला. ती म्हणाली, "व्हय की. मला म्हाईत हाय. अंगठ्यानं करायचे. मला बी दावलं हुतं, आसं खालनं जरा दाबायचं." तिनं नारळाविनाच हात करून दाखवला. मग पदर सारखा करत म्हणाली, "पर पयल्यांदा न्हाई, ताई. त्ये कॉलेजातलं. त्या दिवशी त्यो आपसूक उठला, म्हनायचे. लई भ्याले हुते. घरी यून आईला सांगितलं तर आईनं मीठमोहऱ्या ववाळून टाकल्या. त्येच्यानंतर एकदा बी न्हाई उठला. जलमभर वाट बगितली त्येंनी. मला म्हनायचे, शोभे, मी लोकांसाठी नारळ धरत न्हाई, एकदा तरी परत उठंल म्हनून धरतो."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं कधी?"

"म्या बी त्येच म्हनलं हुतं. तर म्हनले, मिनीला सांगितलं तर ती मला खुळ्यात काढंल. ढोंगी म्हनती, तेच बरं हाय."

मल्लू, घरी कशी आले मला आठवत नाही. सिद्धेश्वराच्या तलावाकाठी रिक्षा थांबवून उतरले आणि कठड्यावर बसले, एवढं आठवतं. दुपारचं टळटळीत ऊन होतं. मला तुझा राग आला, मग माझा आला, मग त्या सरांचा आला, तेही बिचारे आता नाहीत. एकाच वर्गात, एकाच बांधावर, एका मिनिटात आपली दोन आयुष्यं ठरली. तू त्या मिनिटाची वाट बघत राहिलास आणि मी ते मिनिट घडलंच नाही असं सिद्ध करत राहिले. तू खोटं बोलत नव्हतास तर मी एवढी वर्षं कुणाशी भांडत होते? आणि बोलत असलास, शोभालाही थाप मारली असलीस, तरी आता ते विचारायचं कुणाला? हात पुन्हा पुढे आला होता. शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, "काय पायजे ग बाई?" त्यांना वाटलं, मी भीक मागतेय.

आता शेवटचं, ज्यासाठी लिहायला बसले ते. तू गेलास त्या सकाळी ज्या शाळेत होतास, तिथून हेडमास्तरांचा फोन आला. तुला माहीतच आहे, शाळेची जुनी बोअर आटली आहे आणि पोरं घरून बाटल्या आणतात, त्या दुपारपर्यंत संपतात. तू शाळेच्या मागे चुन्याची फुली मारून दिलीस, मोहोळला येऊन चहाच्या गाड्यापाशी बाकावर बसलास आणि उठलाच नाहीस. बोअरची गाडी मोठ्या मुश्किलीनं ठरली होती. पण गावातले आबा आडवे आले. वयानं मोठे, शाळेला जागा त्यांच्याच घरानं दिलेली, त्यांच्या शब्दाबाहेर गाव नाही. त्यांचं म्हणणं, पॉइंट देणारा पाणाड्या बोअर पाडायच्या आत गेला तर तो पॉइंट मेला, पाणी त्याच्यासंगं जातं. दुसऱ्यानं नवा द्यावा, नाहीतर गाडी रद्द करा. गाडी एकदा गेली की पुन्हा कधी मिळेल ते सांगता येत नाही.

मी काल रजा टाकून गेले. मीटर लावलं, तारा ओढल्या, हेडमास्तर बिचारे उन्हात खुंट्या ठोकत होते. मल्लू, आलेख काही बोलेना. तुझ्या फुलीखाली खोलवर भेग असावी असं वाटत होतं, नसावी असंही वाटत होतं. दुसरीकडे कुठं त्याहून बरी जागा मिळाली असती तर मी सुटले असते. तसली जागा त्या आवारात नव्हती. खात्याच्या कामात असा आलेख आला असता तर मी "शिफारस नाही" म्हणून मोकळी झाले असते. इथं पोरं खिडकीतून बघत होती, आणि तू जिथं उभा राहिला होतास तिथं चुना अजून पांढराफेक होता. तू पहाटे येऊन काहीतरी बघितलं असणार. एखादी विहीर, एखादं झाड. मी शोधलं, मला सापडलं नाही. पण नुसत्या अंगठ्यावर तू शाळेला जागा देणार नाहीस, एवढं मी तुला ओळखते.

मी आबांना म्हटलं, "जागा हीच. पण पॉइंट माझा. मी तपासला, मी देतेय. मेलेल्या माणसाचा नाही, जित्या माणसाचा."

आबांनी मला नीट न्याहाळलं. "तुमी सरकारी मॅडम. तुमी नारळाला नावं ठेवता, ठावं हाय आमाला."

"ठेवते."

"मग हितंच का?"

मी मीटरची तार गुंडाळू लागले. आबा उठले, देवळातून नारळ घेऊन आले. "पॉइंट तुमचा म्हनता ना? मग धरा. आमच्यात दिल्याबिगर पॉइंट व्हत न्हाई."

हेडमास्तर मध्ये पडले, "अहो आबा, मॅडम शास्त्रज्ञ आहेत." मी त्यांना थांबवलं. नारळ तळहातावर आडवा ठेवला, शेंडी बोटांकडे. जड होता. पोरं खिडकी सोडून बाहेर आली होती. मी मनात ठरवत होते, फुलीपाशी गेल्यावर अंगठा जरा दाबायचा, शोभानं दाखवला तसा, आणि आबांना पटवून मोकळं व्हायचं. शाळेच्या पाण्यासाठी एवढं करायला माझी हरकत नव्हती. चालू लागले. शेजारी तू चालतोयस असं मला वाटलं, मी खोटं कशाला सांगू. वळून बघायचा धीर झाला नाही.

फुलीपर्यंत मी पोचलेच नव्हते, मल्लू. दोन हात अलीकडे होते. अंगठा मी अजून दाबलाच नव्हता. नारळ उठला.

पोरांनी आरडाओरडा केला. आबांनी हात जोडले, मला नाही, जमिनीला. मी नारळ त्यांच्या हातात दिला आणि तळवा साडीला पुसत राहिले. मनगटातला कुठला स्नायू कधी ताणतो, हे मी झोपेतून उठवलं तरी फळ्यावर काढून दाखवेन. माणसाच्या मनात असतं तेच हातात उतरतं, हे मीच लोकांना शिकवलंय, आणि माझ्या मनात तर तू ठासून भरलेला होतास. तेव्हा कारण मला माहीत आहे. भीती गेली नाही एवढंच. हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, खरं सांगा, तुम्हीच केलात ना उभा?" त्यांचं तोंड मला ओळखीचं वाटलं. मीच तशी बघायची तुझ्याकडे, हसत, उत्तर आधीच ठरवून. "हो" म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. "नाही" म्हटलं असतं तर त्यांनी मला खुळ्यात काढलं असतं. मी म्हटलं, चुना मागवा, दोन हात अलीकडे नवी फुली मारून घ्या.

गाडी उद्या सकाळी येणार आहे. पाणी लागलं तर गाव तुझंच नाव घेणार, घेऊ दे. बोअरमधून नुसती धूळ निघाली, तर त्या पोरांसमोर उभं राहून, चूक माझी झाली, एवढं मी सांगणार आहे. नारळाचं काही सांगणार नाही.